आयर्लंडच्या इतिहासावर कोल्हापुरात प्रश्नमंजूषा घ्यायची तर

वाचनालयाचा वर्धापनदिन असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की गणपतीतला मंडळाचा कार्यक्रम, परदेशाच्या इतिहासावर प्रश्नमंजूषा ठेवायची ठरली की इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीचे प्रश्न पटापट जमतात. आयर्लंडचं नाव निघालं की गाडी बटाट्याच्या दुष्काळाशी येऊन थांबते. वास्तविक युरोपातल्या ज्या थोड्या देशांचा इतिहास आपल्या घरापर्यंत येतो, त्यात आयर्लंड फार वर आहे. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं तिथल्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. 'होमरूल' हा शब्द तिथला. आपले राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी डब्लिनमध्ये कायदा शिकले. भगिनी निवेदिता मूळच्या टायरोन काउंटीतल्या डंगॅननच्या.

म्हणून प्रश्न निवडताना एकच कसोटी लावा: प्रश्नाचं एक टोक ऐकणाऱ्याच्या हातात आहे का? दुसरं टोक कितीही लांब, कितीही अनोळखी असलं तरी चालेल. दोन्ही टोकं लांब असली की सभागृहात नुसती शांतता पसरते, आणि उत्तर सांगितल्यावरही कुणाला काही वाटत नाही.

किती प्रश्न, किती वेळ

नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमाला ३२ प्रश्न पुरतात. आठ-आठ प्रश्नांच्या चार फेऱ्या करा. प्रश्न दोनदा वाचायला साधारण २० सेकंद, लिहायला ४० सेकंद, म्हणजे एका फेरीचे प्रश्न ८ मिनिटांत होतात. कागद शेजारच्या गटाकडे तपासायला देण्यात ३ मिनिटं जातात. उत्तरं सांगायला ६ मिनिटं ठेवा, कारण खरी मजा उत्तरामागची हकीकत ऐकण्यातच असते. चार फेऱ्यांची ६८ मिनिटं झाली. मध्ये चहाला १२ आणि शेवटी बरोबरी सोडवायला व गुण जाहीर करायला १० मिनिटं उरतात.

३२ प्रश्न हवेत तर ५० लिहा. तपासणीत दहा-बारा गळतात आणि मोठ्याने वाचून पाहिल्यावर आणखी चार-पाच जातात. गट तिघांचे ठेवा. पाच जणांच्या गटात दोघं नुसते बसून राहतात. हात वर करून किंवा बझर दाबून उत्तर देण्याची पद्धत या विषयाला नको. लेखी उत्तर हवं, कारण आयर्लंडचे प्रश्न बहुतेकांना थोडा विचार करूनच सुटतात, आणि बझर असला की पहिल्या दोन धडाडीच्या गटांपलीकडे कुणाला संधी मिळत नाही.

एक प्रश्न जवळून: न्यूग्रेंज

कोल्हापुरात हा प्रश्न पहिल्या फेरीतच हवा. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचं दगडमातीचं मोठं समाधिस्थळ आहे. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनं. आत जायला १९ मीटरची अरुंद दगडी वाट आणि तिच्या टोकाला खोली. प्रवेशद्वाराच्या वर एक झरोका ठेवलेला आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून वाटेत शिरतो, सरपटत आतल्या खोलीपर्यंत पोचतो आणि सुमारे १७ मिनिटांनी मागे फिरतो. हा झरोका मायकेल ओ'केली या पुरातत्त्वज्ञांना १९६३ साली उत्खननात सापडला. आत थांबून त्यांनी ते दृश्य प्रत्यक्ष पाहिलं ते २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे.

यावर पहिल्यांदा सुचणारा प्रश्न असा असतो: 'न्यूग्रेंज कुठे आहे?' हा वाया गेलेला प्रश्न. ज्याला ठाऊक आहे तो लिहील, बाकीचे कागद कोरा ठेवतील. त्याऐवजी असं विचारा: 'अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा वर्षातून दोन वेळा किरणोत्सव होतो. आयर्लंडमधल्या पाच हजार वर्षं जुन्या न्यूग्रेंजमध्ये किरण येतात ते फक्त एकाच सुमारास. असं का?'

हे उत्तर पाठ असावं लागत नाही, विचार करून काढता येतं. आपला किरणोत्सव मावळतीचा, तिकडचा उगवतीचा, पण नियम एकच. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला टोक गाठतो आणि परत फिरतो. टोकाच्या अलीकडची प्रत्येक जागा त्याला दोनदा ओलांडावी लागते, एकदा जाताना, एकदा येताना. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. अंबाबाईच्या गाभाऱ्याची दिशा त्या मधल्या जागेशी जुळते. न्यूग्रेंजची वाट थेट टोकाशीच जुळवलेली आहे, म्हणून तिथे जाणं आणि येणं एकाच आठवड्यात उरकतं. उत्तर सांगताना फळ्यावर एक आडवी रेघ ओढा, टोकाला ठिपका द्या आणि बोट नेऊन परत आणा. एवढ्याने सगळ्यांना कळतं.

एक पथ्य पाळा. दोन्ही ठिकाणी किरण येतात म्हणून दोन संस्कृतींचं जुनं नातं होतं असं काही सूचित करू नका. आकाश सगळीकडे तेच आहे आणि लक्ष देऊन बघणारी माणसं दोन्हीकडे होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ढग आडवे आले की दोन्हीकडे हिरमोड होतो, हेही सांगायला हरकत नाही. आपल्याकडे महाद्वाराच्या बाजूच्या बांधकामांचा अडथळा हा वेगळा विषय आहे, तो स्पर्धेत काढू नका. वीस मिनिटं त्यातच जातील.

शब्दामागचा माणूस: बॉयकॉट

'बॉयकॉट' आपण रोज वापरतो. हे एका माणसाचं आडनाव आहे हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं, पण नेमकं काय झालं ते क्वचित कुणाला ठाऊक असतं. हकीकत अशी. मेयो काउंटीत लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची जमीन होती आणि कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट त्याचा कारभारी होता. १८८० साली पीक बेताचं आलं. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालकाने १० टक्के देऊ केली. सप्टेंबरमध्ये कुळांना जमिनीवरून हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच महिन्यात एनिस गावच्या सभेत कुळांच्या चळवळीचे नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी सांगितलं होतं की हटवलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी संबंध तोडा. लोकांनी तेच केलं, पण बॉयकॉटच्या बाबतीत. शेतमजूर निघून गेले, लोहाराने काम नाकारलं, कपडे धुणारी येईना, दुकानदार माल देईना, टपाल पोचवणारा मुलगाही थांबला.

शेवटी पीक काढायला कॅव्हन आणि मोनॅहनहून ५० स्वयंसेवक आणले आणि त्यांच्या रक्षणाला शेकड्यांनी सैनिक व पोलीस. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढण्यासाठी सुमारे १०,००० पौंड खर्च झाले. डिसेंबर उजाडला तेव्हा बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला होता.

आपल्याकडे या कृतीला जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. प्रश्नाचं ओळखीचं टोक तेच. असा लिहा: '१८८० साली आयर्लंडच्या मेयो काउंटीत गावाने जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकलं. मजूर, लोहार, दुकानदार, सगळ्यांनी त्याचं काम बंद केलं. त्याचं आडनाव आज जगभर क्रियापद म्हणून वापरतात. ते कोणतं?' मात्र उत्तर सांगताना फरक स्पष्ट करा. मेयोत दुबळ्या कुळांनी बलवानाशी व्यवहार तोडले होते. आपल्याकडे जातपंचायती एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकतात ते नेमकं उलट्या दिशेने चालतं, आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. दोन वाक्यांत हे सांगून पुढे जा, पण सांगाच. सभागृहात ते सोसलेलं कुणी बसलेलं असू शकतं.

घड्याळाचा प्रश्न

गणिताची आवड असणाऱ्या गटांसाठी एक प्रश्न हमखास रंगतो. १८८० ते १९१६ या काळात आयर्लंडची अधिकृत वेळ ग्रिनिचपेक्षा २५ मिनिटं २१ सेकंद मागे होती. डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेच्या रेखांशावरून ती काढलेली. १ ऑक्टोबर १९१६ पासून ती बंद झाली. प्रश्न: 'लंडनच्या घड्याळात दुपारचे बरोबर बारा वाजले असताना १९०० साली डब्लिनच्या घड्याळात किती वाजले असतील?' उत्तर ११ वाजून ३४ मिनिटं ३९ सेकंद. वजाबाकी करायची आहे हे प्रश्नातच सांगू नका, पण २५ मिनिटं २१ सेकंदांचा फरक द्यायला विसरू नका, नाहीतर प्रश्न सुटणारच नाही.

उत्तराला जोड म्हणून आपली 'मुंबई वेळ' सांगा, ती आजच्या भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. आणि कोल्हापूरची स्वतःची सूर्यवेळ? रेखांश सुमारे ७४ अंश १४ मिनिटं पूर्व, भारतीय वेळेचा रेखांश ८२ अंश ३० मिनिटं. फरक सव्वाआठ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३३ मिनिटं. आपल्या घड्याळात साडेबारा वाजून तीन मिनिटं होतात तेव्हा सरासरी हिशेबाने सूर्य रंकाळ्याच्या बरोबर डोक्यावर येतो.

दुष्काळाचे प्रश्न

इथे सगळ्यात जास्त काळजी हवी. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि त्याहून थोडी जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटावर जवळपास ८१ लाख ७५ हजार लोक होते. आज आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड हे दोन्ही भाग मिळूनही तो आकडा परत गाठलेला नाही. 'किती लोक मेले? अंदाज करा' असा प्रश्न कधीही ठेवू नका. मृतांच्या आकड्यावर बोली लावल्यासारखं होतं. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रोजगार हमीची खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, ते आजोबा-आजी समोर बसलेले असतात.

कारणावर मात्र जरूर विचारा. बटाट्यावर पडलेला रोग म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेतला उशिराचा करपा. तो सप्टेंबर १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये दिसला आणि १८४६ चं पीक जवळजवळ पूर्ण गेलं. एवढं एकदम कसं गेलं? गरिबांच्या वाफ्यांत बहुतांश 'लंपर' हा एकच वाण होता आणि बटाटा कापून लावतात, त्यामुळे सगळी झाडं एकाच वाणाच्या प्रती होत्या. हे करवीर तालुक्यात समजावून सांगावं लागत नाही. ऊसही कांडीनेच लागतो. प्रश्न असा: 'उसाच्या लागणीत आणि १८४५ च्या आयरिश बटाट्याच्या लागवडीत असं कोणतं साम्य होतं, ज्यामुळे रोग आला की सगळं शिवार एकदम जातं?' बेणं, कांडी, डोळा, एकच वाण, यातलं काहीही लिहून मुद्दा कळलेला दिसला की पूर्ण गुण द्या.

मदतीवरचा प्रश्नही चांगला आहे. बाहेरून आलेल्या पहिल्या मोठ्या मदतींपैकी एक कलकत्त्याची होती. १८४६ साली तिथे समिती नेमून सुमारे १४,००० पौंड गोळा झाले. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी १७० डॉलर पाठवले. सोळा वर्षांपूर्वी त्यांनाच त्यांच्या भूमीतून हाकललं होतं आणि वाटेत हजारोंनी माणसं गेली होती. कॉर्क काउंटीतल्या मिडलटन गावी त्यांच्या स्मरणार्थ पोलादाच्या नऊ पिसांचं शिल्प उभं आहे. २०२० साली करोनात अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी लोकांसाठी निधी उभारला जात होता तेव्हा आयरिश लोकांनी त्यात भरभरून पैसे टाकले, तो हा जुना उपकार आठवून. या प्रश्नात कलकत्ता आणि चॉक्टॉ असे दोन भाग करा आणि प्रत्येकी अर्धा गुण ठेवा.

तपासणी: कुठे घसरतं आणि का

इंटरनेटवर आयर्लंडबद्दलच्या 'रंजक माहिती'त निम्मा माल उसनवारीचा असतो. पाच ठिकाणी तेच वाक्य सापडलं म्हणजे पाच पुरावे झाले नाहीत, एकाच चुकीच्या पाच नकला असू शकतात. वर दिलेला चॉक्टॉंचा आकडा कुठेकुठे ७१० डॉलर असा छापलेला सापडतो. अंकांची अदलाबदल झाली आणि तीच पुढे चालत राहिली.

ड्रॉहेडा गावाची कथाही अशीच. ऑटोमन सुलतान अब्दुलमजीद याने दुष्काळात १,००० पौंड दिले हे खरं. त्याची धान्याची जहाजं ड्रॉहेडाला आली आणि म्हणून गावाच्या चिन्हात चांदतारा आला, हे मात्र टिकत नाही. तो चांदतारा दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. कथा गोड आहे, तरीही प्रश्नातून काढा. ठेवायचीच असेल तर 'खरं की खोटं' फेरीत ठेवा आणि उत्तर 'खोटं' लिहा.

'पहिला' आणि 'पहिली' हे शब्द दिसले की थांबा. 'ब्रिटिश संसदेतली पहिली स्त्री कोण?' याला दोन बरोबर उत्तरं निघतात. डिसेंबर १९१८ मध्ये कॉमन्सवर निवडून आलेली पहिली स्त्री डब्लिनची कॉन्स्टन्स मार्कीव्हिच. ती तेव्हा तुरुंगात होती आणि तिच्या पक्षाच्या धोरणाप्रमाणे तिने ती जागा घेतलीच नाही. प्रत्यक्ष सभागृहात बसलेली पहिली स्त्री नॅन्सी अ‍ॅस्टर, १९१९. म्हणून 'निवडून आलेली' की 'आसनावर बसलेली' हे प्रश्नात स्पष्ट लिहा. नाहीतर वाद होणार आणि वाद घालणारा गट बरोबरच असणार.

तारखांचा घोळ आपल्याला नवा नाही. शिवजयंती तारखेने की तिथीने, हे ज्याने ऐकलं आहे त्याला बॉइनची लढाई लगेच कळेल. ती त्या वेळच्या इंग्लंडच्या जुन्या कालगणनेने १ जुलै १६९० ला झाली. नव्या कालगणनेने ती तारीख ११ जुलै येते. उत्तर आयर्लंडात तिच्या स्मरणाच्या मिरवणुका निघतात १२ जुलैला. इथे तारीख विचारूच नका, नदी विचारा. १७५२ च्या आधीच्या कोणत्याही तारखेला हाच नियम लावा.

'आयर्लंड' म्हणजे बेट की देश हेही दर वेळी ठरवून लिहा. बेटावर परंपरेने ३२ काउंटी, त्यातल्या २६ प्रजासत्ताकात आणि ६ उत्तर आयर्लंडात. नावाला भुलू नका, बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक मॅलिन हेड हे डोनेगॉलमध्ये, म्हणजे प्रजासत्ताकात आहे. आयरिश व्यक्तीला सरसकट 'ब्रिटिश' म्हणणं तर टाळाच. आणि सेंट पॅट्रिक आयरिश होता असंही लिहू नका. तो रोमन ब्रिटनमध्ये जन्मला आणि पोरवयात समुद्री लुटारूंनी त्याला गुलाम म्हणून आयर्लंडात नेलं. त्याने साप हाकलले ही दंतकथा, कारण हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नाहीत.

पडताळणीसाठी रॉयल आयरिश अकॅडमीचा चरित्रकोश ऑनलाइन मोफत आहे, व्यक्तींच्या तारखा तिथे बघा. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे कागदही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत खुले केले आहेत. त्याआधीचं शोधायला गेलात तर भिंत लागते. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक ३० जून १९२२ च्या आगीत गेले. त्या दिवशी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीत स्फोट झाला आणि शेजारचं अभिलेखागार जळालं. सातशे वर्षांचे कागद होते ते. आपल्याकडे दप्तरखान्यात मोडीचे रुमाल सोडून बसणाऱ्या कुणालाही त्याचं मोल सांगायला नको. या आगीवर एक प्रश्न जरूर घ्या. इंग्रजी संदर्भग्रंथ चाळायचे असतील तर शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा करवीर नगर वाचन मंदिरात एक दुपार काढा.

बेळगावचा प्रश्न

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोर प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि उठाव सुरू झाला. २९ एप्रिलला शरणागती. त्याच आठवड्यात कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. प्रश्न: 'त्या आठवड्यात बेळगावात कोणती संघटना स्थापन झाली, आणि तिच्या नावातले दोन शब्द कोणत्या देशाच्या राजकारणातून आले?' एकामुळे दुसरं घडलं असं मात्र बोलू नका. होमरूलची मागणी आयर्लंडात १८७० च्या दशकापासून चालू होती, शब्द तेव्हाच रुळला होता. योगायोग हा योगायोग म्हणूनच सांगा, तो तसाही पुरेसा मोठा आहे.

याच उठावातला दुसरा प्रश्न लहान मुलांनाही आवडतो. सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेत बंडखोर होते, समोरच्या इमारतींतून सैनिक गोळ्या झाडत होते. बागेचा रखवालदार जेम्स कर्नी याला तळ्यातल्या बदकांना खायला घालता यावं म्हणून दोन्ही बाजू गोळीबार थांबवत. विचारा: 'कशासाठी थांबवत?'

आणि १९२० चा जालंधर-सोलनचा उठाव सोडू नका. मायदेशातल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून कॅनॉट रेंजर्स या पलटणीतल्या आयरिश शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली. सोलनच्या उठावाचा म्होरक्या जेम्स डेली याला २ नोव्हेंबर १९२० ला सोलनजवळच्या दगशाईत गोळ्या घातल्या. त्याचे अवशेष आयर्लंडला गेले ते थेट १९७० साली.

नावं कशी म्हणायची

प्रश्न वाचणाऱ्याने अडखळलं की प्रश्न मेला. आयरिश लेखन इंग्रजी डोळ्याने वाचलं तर हमखास चुकतं, पण देवनागरीत एकदा उच्चार लिहून घेतला की काम भागतं. वाचणाऱ्याच्या कागदावर रोमन अक्षरं ठेवूच नका. पंतप्रधानाचं पद 'टीशक', संसदेचं खालचं सभागृह 'डॉल', पक्ष 'शिन फेन', टायटॅनिक शेवटची थांबली ते बंदर 'कोव्ह', हॅलोवीनचा मूळ सण 'साउइन', मुलींची नावं 'नीव्ह', 'शिव्हॉन', 'सीर्शा'. उत्तरपत्रिकेतही आवाज जुळला की गुण द्या. 'पार्नेल'चं 'पारनेल' झालं तर काही बिघडत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

प्रश्न आदल्या दिवशी त्रयस्थ माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ज्या वाक्यावर तो 'काय म्हणालात?' विचारेल ते वाक्य दोन तुकड्यांत करा. ३० शब्दांवर गेलेल्या प्रश्नात बहुधा दोन प्रश्न दडलेले असतात. मात्र न्यूग्रेंज आणि बॉयकॉटसारखे लांब प्रश्न मुद्दाम ठेवायचे असतील तर ते पडद्यावर दाखवा. प्रत्येक फेरीत दोन सोपे, चार मधले, दोन अवघड हे प्रमाण ठेवा आणि फेरीचा शेवटचा प्रश्न सोपा असू द्या, म्हणजे मागे पडलेला गट चहाला जाताना हसत जातो. मोबाइल टेबलावर पालथे ठेवायला सांगा. आकड्याच्या उत्तराला किती मागेपुढे चालेल हे प्रश्न वाचतानाच जाहीर करा, नंतर नाही.

बरोबरी झाली तर अंदाजाचा एकच प्रश्न विचारा. आर्थर गिनीजने डब्लिनची बिअरची भट्टी ३१ डिसेंबर १७५९ ला भाडेपट्ट्याने घेतली, तो पट्टा किती वर्षांचा होता? उत्तर ९,०००. सगळ्यात जवळचा आकडा लिहिणारा गट जिंकतो. इथेही बरोबरी झाली, जी ९९९ वर फार वेळा होते, तर वार्षिक भाडं विचारा: ४५ पौंड. दोन्ही प्रश्नांच्या चिठ्ठ्या वेगळ्या घ्या, गटाचं नाव आधी लिहून घ्या आणि चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत पहिलं उत्तर सांगू नका.